मे महिन्यात सोलापूरची धावपट्टी पाच हजार फुटांवर जाते

शिकाऊ वैमानिकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न. उत्तरं देतात सोलापुरात स्थायिक झालेले निवृत्त उड्डाण-प्रशिक्षक

जून २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरून गोव्याचं विमान सुरू झालं आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलला. आधी विचारायचे, "विमान कधी येणार?" आता विचारतात, "मला कधी उडवता येईल?" या खेपेला निवडलेली पत्रं बहुतेक शिकणाऱ्या मुलामुलींचीच आहेत.

प्रश्न : मी बार्शीचा. बारावी झाली, डीजीसीएच्या (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षांची तयारी करतोय. डेन्सिटी अल्टिट्यूडचं सूत्र पाठ आहे, प्रश्नसंचातली गणितं सुटतात. पण ते प्रत्यक्षात कुठे लागतं ते कळत नाही. पाठ केलं तर चालेल का?

पास होशील, त्यात शंका नाही. पण एक काम कर. प्रश्नसंचातले आकडे खोड आणि त्या जागी आपल्या गावाचे घाल.

डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर. प्रमाणित वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना दोन अंश उतरतात. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने आपल्याकडे १२ अंश असायला हवेत. आता मे महिन्यातली दुपार घे, ४२ अंश. फरक ३० अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३,६०० फूट झाले. त्यात आपले दीड हजार मिळव : ५,१०० फूट. धावपट्टी जागची हललेली नाही, पण विमानाच्या लेखी ती महाबळेश्वरच्याही वर गेली. तेच गणित जानेवारीतल्या सकाळी १५ अंशांना केलंस तर उत्तर १,८६० येतं. तेच विमान, तीच धावपट्टी, तोच वैमानिक.

आता त्या ५,१०० फुटांवर काय होतं ते बघ. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे पंधरा टक्के गेले. प्रोपेलरला कापायला हवा विरळ, पंखाला उचलायला हवा विरळ. स्पीड इंडिकेटरवर सेस्ना १७२ या छोट्या विमानाचा ५५ नॉटचा (ताशी ५५ नॉटिकल म्हणजे सागरी मैलांचा) आकडा दिसला की तू नाक उचलणार, पण विरळ हवेत तो ५५ दिसायला विमानाला खरं तर ५९-६० नॉटने पळावं लागतं. ताकद कमी आणि गाठायचा वेग जास्त, म्हणून धाव लांबते. आपली धावपट्टी सेस्नाला पुरून उरेल. त्रास आहे तो उचलल्यानंतर : चढण मंदावते, आणि झाडं, तारा, टाक्या जिथे असायच्या तिथेच असतात. उन्हाळ्यात फ्लाइंग स्कूलवाले पहाटे पहाटे विमानं बाहेर काढतात ते काही हौसेने नाही.

आता विमानाच्या हँडबुकातला टेक-ऑफचा तक्ता उघड आणि सोलापूरसाठी दोन उत्तरं काढ, सकाळी सातची आणि दुपारी तीनची. मे महिन्यात हवेचा दाबही उतरलेला असतो, तोही धर. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेस की सूत्र पाठ आहे की नाही याची काळजीच उरणार नाही.

प्रश्न : सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) आणि लँडिंग चालू आहेत. प्रत्येक वेळी फ्लेअरला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, विमान एक तर फुगतं (पुन्हा वर जातं) नाही तर आपटतं. सर ओरडतात, "बाहेर बघ, बाहेर!" मी बाहेरच बघत असतो. नेमकं काय चुकतं?

बाहेर बघतोस, पण कुठे? माझी खात्री आहे, तू नाकाच्या पुढ्यातला धावपट्टीचा तुकडा बघतोस. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे बघणारं पोर जसं पडतं, तसंच हे. जवळची जमीन डोळ्यांसमोरून वेगाने पळते, डोळ्याला उंची कळत नाही, आणि हात घाबरून योक, म्हणजे विमानाचं हँडल, ओढतो. धावपट्टीचं टोक ओलांडलंस की नजर उचल आणि धावपट्टीच्या पलीकडच्या टोकावर ठेव. जमीन वर येतेय हे कडेच्या नजरेला आपोआप कळतं. ते कळायला लागलं की अर्धं लँडिंग झालं.

उरलेलं अर्धं त्याआधीच बिघडलेलं असतं. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, वेग पाच-सात नॉटने जास्त ठेवून आलास तर फ्लेअरला विमान तरंगत राहणारच. ते त्याचं कामच आहे, पंखात अजून उचल शिल्लक आहे. तुमच्या विमानाला हँडबुकात फायनलचा जो वेग दिलाय तो धर, ट्रिम कर (हाताला जोर लागणार नाही असं विमान लावून ठेव) आणि हात सैल सोड. योक मुठीत आवळून धरलेला विद्यार्थी मला लांबून ओळखू येतो, त्याची कोपरं वर असतात. ट्रिम नीट असेल तर दोन बोटांत विमान राहतं. राहत नसेल तर आधी ट्रिम कर, लँडिंगचं नंतर बघू.

मग पॉवर काढ आणि विमानाला बसू देऊ नकोस. उलटं वाटेल, पण तेच करायचं. ते खाली येऊ बघतं, तू थोडं थोडं मागे ओढत त्याला हवेत धरतोस, वेग संपतो आणि ते स्वतःहून मुख्य चाकांवर टेकतं. मध्येच फुगलं तर नाक खाली ढकलू नकोस. नोज व्हील आधी आपटून पुढचा सांगाडा मोडतो तो याच ढकलण्याने. थोडंसं फुगलं असेल तर नाक तसंच धर, चिमूटभर पॉवर दे, पुन्हा बसव. जास्त फुगलं, टप्पा खाल्ला किंवा मनात "आता काय करू" आलं की पूर्ण पॉवर आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. गो-अराउंड केला म्हणून कुणी नापास करत नाही. मी तर ज्याने न सांगता केला त्याच्या वहीत लाल पेनाने "उत्तम" लिहायचो.

प्रश्न : स्टॉलची भीती वाटते. हॉर्न वाजला की छातीत धस्स होतं. सरांना सांगायची लाज वाटते. — एक विद्यार्थिनी, पंढरपूर

सांग पोरी, आजच सांग. लपवलेली भीती लवकर जात नाही.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, हे तुला माहीत आहेच. पंख हवेला ज्या कोनात सामोरा जातो तो साधारण १५-१६ अंशांच्या वर गेला की पंखावरून वाहणारी हवा सुटते. बस, एवढंच. म्हणून उपायही कोनाचाच : योक पुढे कर, कोन कमी झाला की पंख पुन्हा काम करायला लागतो. मग पॉवर, मग पंख सपाट. हॉर्न वाजतो तो स्टॉलच्या आधी, म्हणजे अजून वेळ आहे असं सांगण्यासाठी. सरांना म्हण, भरपूर उंचीवर नेऊन आधी तुम्ही करून दाखवा, मी नुसती बघते.

भ्यायचंच असेल तर वळणातल्या स्टॉलला भी. ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. बेसवरून (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावरून) फायनलला वळताना धावपट्टी निसटली म्हणून रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून, नाक ओढून वळण आवळणारे असतात. तिथे सावरायला खाली उंची नसते. निसटली तर निसटू दे, पुन्हा फिरून ये.

प्रश्न : पहिला सोलो क्रॉस-कंट्री (एकट्याने एका गावाहून दुसऱ्या गावाला उड्डाण) जवळ आलाय. जीपीएस असताना नकाशावर पेन्सिलीने रेघा मारून, वाऱ्याची गणितं करून काय मिळतं?

बारामती ते सोलापूर कागदावर आख, मग बोलू. सरळ रेघ साधारण ८५ नॉटिकल मैल, दिशा ११५ अंशांच्या आसपास. होकायंत्राचा चुंबकीय फरक आपल्या भागात किरकोळ, तो सध्या सोड. विमान ९० नॉटचं, वारा नाही : ५७ मिनिटं. जाऊन-येऊन ११४.

आता पावसाळ्याचा पश्चिमेचा वारा धर, २० नॉट. तो तुला मागून १८ नॉटने ढकलतो आणि साडेआठ नॉटने डावीकडे नेतो. नाक पाचेक अंश उजवीकडे ठेवलंस तर ४७ मिनिटांत सोलापूर. पोरं इथे खूश होतात. येताना तोच वारा तोंडावर, ७१ मिनिटं. बेरीज ११८. जाताना वाचलेला वेळ येताना पुरता वसूल होतो आणि वर थोडा जास्त जातो, कारण उलट्या वाऱ्यात तू जास्त वेळ असतोस. परतीचं इंधन जाताना लागलेल्या वेळेवरून मोजणाऱ्याला हे गणित कुणीतरी आधीच करून दाखवायला हवं.

आणि नाक न वळवता ११५ लाच धरून बसलास तर? ४७ मिनिटांत सहा-सात नॉटिकल मैल, म्हणजे बारा किलोमीटर डावीकडे. होटगी रस्ता राहील बाजूला, तू निघशील हिप्परग्याच्या तळ्याच्या अंगाने.

म्हणून रेघेवर खुणा लिही. अठराव्या-एकोणिसाव्या मिनिटाला उजनीची भिंत डाव्या हाताला, पाचेक मैलांवर. मग भीमा तुझ्या पोटाखालून डावीकडून उजवीकडे जाईल. मग मोहोळ डावीकडे, त्याच्यासोबत रेल्वे आणि हमरस्ता, दोन्ही तुझ्याच दिशेने निघालेले. मग सीना. खुणेची वेळ चुकली की वारा अंदाजापेक्षा वेगळा आहे हे तिथल्या तिथे कळतं. तीस मैलांवर तीन मैल बाजूला आढळलास तर ६० मैलांना एक मैल म्हणजे एक अंश या हिशेबाने तू सहा अंश चुकलास. उरलेल्या ५५ मैलांसाठी आणखी तीन. एकूण नऊ अंश वळ, आणि बोटांवर मोज. खाली मान घालून यंत्रं दाबत बसू नकोस.

हरवलासच तर उंची घे, एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रकाला) सांग आणि लोहमार्ग शोध. होटगीला तो फाटतो, एक वाट वाडीकडे, दुसरी विजयपूरकडे. तो फाटा दिसला तर सोलापूर मागे पडलं. जीपीएस जरूर चालू ठेव. मी काही त्याचा शत्रू नाही. पण तो तुला "तू कुठे आहेस" एवढंच सांगतो. तू कुठे असायला हवा होतास हे कागदच सांगतो.

प्रश्न : कारखान्याच्या एका चिमणीमुळे सोलापूरची विमानसेवा अडली होती हे खरं की राजकारण? — एक वाचक, विजापूर रोड

राजकारण, कारखाना, सभासद, न्यायालय यावर शहरात बोलून झालंय, या सदरात मी फक्त उतरणीचं बोलतो. विमानं साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतात. त्या हिशेबाने धावपट्टीपासून एक नॉटिकल मैल अलीकडे विमान जेमतेम ३०० फुटांवर असतं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी सुमारे ९० मीटर होती. फुटांत करून बघा. प्रत्येक धावपट्टीच्या टोकांपासून आणि भोवती डोळ्यांना न दिसणारे उतार आखलेले असतात, त्यांत काही घुसलं की तो अडथळा. त्यातून टेक-ऑफला एक इंजिन गेलं तर विमानाची चढण किती उरते, तेही धरावं लागतं. चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. शिकणाऱ्या मुलांनी यातून एवढं घ्यावं की नव्या धावपट्टीवर जाण्याआधी तिथल्या अडथळ्यांचा तक्ता वाचावा. मोबाईलचे मनोरे रातोरात उभे राहतात, म्हणून नोटॅमही (वैमानिकांसाठीची ताजी सूचना) वाचावा.

प्रश्न : रोज उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारून तेच तेच बघायला लावतात. इंजिनिअरने तपासलेलं असतं की!

इंजिनिअरने काल संध्याकाळी तपासलं. रात्रभर विमान उघड्यावर उभं होतं, आणि आपल्याकडे कुंभारमाशी असते. मातीची घरटी करणारी ही माशी दाराच्या कडीत, नळाच्या तोंडात, सापडेल त्या भोकात माती भरते. वेग मोजणारी पिटॉट ट्यूब तिला अगदी मापाची. ती बुजली की वेग चुकीचा दिसतो. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बर्गनएअरचं बोईंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. पिटॉट ट्यूब बुजली होती आणि तपासात संशय अशाच माशीच्या घरट्यावर गेला. म्हणून उभ्या विमानाला पिटॉटचं कव्हर घालायचं, उडण्याआधी न विसरता काढायचं आणि भोकात डोळा घालून बघायचं.

दुसरं, इंधनाचा नमुना. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री गारठ्याने पाणी धरतं आणि जड म्हणून तळाशी बसतं. नळीतून थोडं इंधन काढ, उजेडाकडे धर. ॲव्हगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, निळसर दिसतं, पाण्याचा थेंब खाली वेगळा चमकतो. संपूर्ण नमुना स्वच्छ, बिनरंगाचा दिसला तर "वा, छान" म्हणू नकोस, ते सगळंच पाणी असू शकतं. वास घे.

प्रश्न : शिक्षण मराठी माध्यमात झालं. एटीसीशी बोलताना जीभ अडखळते, मागून कुणीतरी हसलं की सगळं विसरतो. — करमाळा

हसणाऱ्यांनाही कधीतरी "से अगेन" म्हणावं लागलंय, कान टवकारून ऐक. परीक्षेला आणि परवान्याला इंग्रजीची ठरावीक पातळी लागते हे खरं, आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) मोजपट्टीवर चौथी. पण रेडिओवरचं इंग्रजी म्हणजे मोजकी, ठरलेली वाक्यं. कुणाला बोलतोस, तू कोण, कुठे आहेस, काय हवं. चार गोष्टी, याच क्रमाने. बटण दाबून क्षणभर थांब, नाहीतर तुझ्या विमानाच्या नावातलं "व्हिक्टर टँगो" अर्धं कापलं जातं. उच्चार सोलापुरी असला तरी चालतो, वेग मुंबईचा नको.

खरी गोम बोलण्यात नाही, परत वाचून दाखवण्यात आहे. उंची, दिशा, धावपट्टी, थांबायची आज्ञा : मिळालेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. आणि म्हणून दाखवलं म्हणजे झालं असंही नाही, तसं वागायचंही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. खाली येणाऱ्या विमानाला १५,००० फुटांपर्यंत परवानगी होती, ते त्याच्या खाली उतरलं, आणि समोरचं १४,००० वर होतं. कॉकपिटमध्ये ती इंग्रजी आज्ञा नीट पोचलीच नव्हती. न समजता "रॉजर" म्हणण्यापेक्षा दहादा "से अगेन" परवडलं.

सरावाला घर पुरे. अंगणात सर्किट आख, त्यावर चाल आणि डाउनविंड, बेस, फायनलच्या हाका मोठ्याने दे. फोनवर रेकॉर्ड करून ऐक. शेजारी काय म्हणतील ते म्हणू देत.

प्रश्न : मुलाला पायलट व्हायचंय. चष्मा आहे, बारावी कॉमर्स. एका ठिकाणी "सीट अडवायची तर आठ दिवसांत सगळी फी भरा" म्हणतात. काय करावं? — एक वडील, अक्कलकोट

दादा, आठ दिवसांत सगळी फी मागणाऱ्याला आधी नमस्कार करा आणि घरी या.

पहिला खर्च वैद्यकीय तपासणीचा. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू, आणि पुढे कमर्शियल परवान्याला लागणारं क्लास वन. चष्म्याने नजर निकषात येत असेल तर चष्म्याची अडचण नसते. रंगांधळेपणाची मात्र येऊ शकते, तो आधी तपासून घ्या. हे कागद हातात आल्याशिवाय कुणालाही मोठी रक्कम देऊ नका. कमर्शियल परवान्याला सध्या बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. कॉमर्सची मुलं ते दोन विषय एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) देतात. शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, कमर्शियल अठराव्या. उड्डाण दोनशे तास, त्यात शंभर तास स्वतः कमांडर म्हणून. लेखी पेपरांना ७० टक्के लागतात आणि रेडिओचा परवाना वेगळा.

शाळा बघायला जाल तेव्हा जाहिरातीतली विमानं मोजू नका, हँगरसमोर उभं राहून आज उडणारी मोजा. प्रशिक्षक किती, विद्यार्थी किती, मागच्या तुकडीला दोनशे तास व्हायला किती महिने लागले, हे तिथे शिकणाऱ्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारा. ऑफिसात विचारू नका. फी तासांच्या हप्त्यांत द्या आणि न उडालेल्या तासांचे पैसे परत मिळतील हे कागदावर घ्या. सरकारी अकादमीही बघा. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या वैमानिक प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

प्रश्न : घरी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर आहे. त्याने काही शिकता येतं का?

चेकलिस्ट, सर्किटचा क्रम, रेडिओच्या हाका, उपकरणांवर नजर फिरवणं, हे येतं. उतरण्याचं हातपाय-तंत्र येत नाही, उलट सारखं आकड्यांकडे बघायची खोड लागते. आठवड्यातून एकदा अर्धा पडदा झाक, डायल दिसू देऊ नकोस, आणि नुसत्या क्षितिजावर विमान सरळ ठेव. आणि पायाशी रडर पेडल नसतील तर आडव्या वाऱ्यातल्या लँडिंगचा सराव घरी करूच नकोस. पाय स्वस्थ ठेवायची सवय लागली की ती मोडायला खऱ्या विमानात तास जातात, आणि त्या तासांचं बिल वडिलांच्या नावाने फाटतं.